माइकचा आवाज क्षीण येतो, हमिंग येते: इंटरफेसला माइक जोडताना आधी वायर का तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते घरी मराठी कथांचे वाचन ध्वनिमुद्रित करतात. त्यांच्याकडे दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारे यंत्र, आणि एक डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय कॉइलवर चालणारा, माइक आहे. माइकसोबत आलेल्या वायरचे एक टोक माइकमध्ये बसते, दुसऱ्या टोकाला जाड मोनो जॅक आहे आणि तो त्यांनी इंटरफेसच्या पुढच्या सॉकेटमध्ये घातला आहे. गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवण्याचा, नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज अतिशय क्षीण येतो, त्याखाली सतत हमिंग ऐकू येते, ४८ व्होल्टचे बटण दाबून काही फरक पडत नाही, आणि जे मुद्रित होते ते हेडफोनच्या फक्त डाव्या बाजूला ऐकू येते. दुकानदाराने कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज पुरवावी लागते) किंवा माइकची पातळी वाढवणारा बूस्टर घेण्याचा सल्ला दिला आहे. या दोहोंपैकी काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

सध्या दोन्ही घेऊ नयेत. घ्यायचीच तर एक साधी वस्तू घ्यावी: दोन्ही टोकांना तीन पिनांचे कनेक्टर असलेली माइकची केबल. वर्णन केलेल्या चार लक्षणांपैकी क्षीण आवाज आणि हमिंग ही दोन त्या जॅकच्या वायरमुळे उद्भवली आहेत, असे मी जवळपास खात्रीने म्हणू शकतो. ४८ व्होल्टने फरक न पडणे हा दोषच नव्हे. डाव्या कानाचा प्रकार सॉफ्टवेअरमधल्या एका निवडीमुळे घडतो आणि त्याचा वायरशी काही संबंध नाही.

इंटरफेसच्या पुढच्या बाजूचे ते गोल सॉकेट दिसायला एक असले, तरी प्रत्यक्षात ती दोन सॉकेटे एकात बसवलेली असतात. मधले मोठे भोक ६.३५ मिलिमीटरच्या जॅकसाठी असते. आपल्या बाजारात या मोनो जॅकला ‘पी-३८’ म्हणतात. त्याच्याभोवती त्रिकोणात असलेली तीन बारीक भोके एक्सएलआर कनेक्टरसाठी असतात, ज्याला आपल्याकडचे साउंडवाले सर्रास ‘कॅनन’ म्हणतात. सर्वसाधारण घरगुती इंटरफेसमध्ये या दोन प्रवेशांमागचे मार्ग वेगळे असतात. तीन पिनांतून आत गेलेला सिग्नल माइक प्रीअॅम्पकडे, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या भागाकडे, जातो आणि फँटम पॉवरही, म्हणजे ४८ व्होल्टच्या बटणाने केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज, फक्त याच पिनांवर मिळते. मधल्या भोकातून गेलेला सिग्नल मात्र लाइन किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुट समजला जातो, म्हणजे इंटरफेस असे गृहीत धरतो की समोर कीबोर्ड, मिक्सर किंवा गिटार आहे. सभेच्या किंवा देवळातल्या अॅम्प्लिफायरवर माइकसाठीच पी-३८चे सॉकेट असते आणि तिथे हीच वायर उत्तम चालते. म्हणून तर माइकसोबत ती दिली जाते. घरगुती इंटरफेससाठी ती बनवलेली नाही.

या गैरसमजाची किंमत किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. उदाहरणासाठी शुअर एसएम ५८ हा सर्वांना परिचित डायनॅमिक माइक घेऊ. ९४ डेसिबलचा आवाज, म्हणजे तोंड माइकच्या अगदी जवळ ठेवून खणखणीत बोलल्यावर मिळणारी पातळी, त्याच्यावर पडला तर तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. व्यावसायिक लाइन पातळी १.२३ व्होल्टची असते. म्हणजे या दोहोंमध्ये सुमारे साडेसहाशे पटींचे, डेसिबलमध्ये सुमारे ५६ चे अंतर आहे आणि ते भरून काढणे हेच माइक प्रीअॅम्पचे काम आहे. फोकसराइटच्या तिसऱ्या पिढीतील स्कारलेट टू-आय-टूसारख्या इंटरफेसमध्ये माइक इनपुट जास्तीत जास्त ९ डीबीयूपर्यंतचा (डीबीयू म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज डेसिबलमध्ये सांगण्याचे माप) सिग्नल घेते, तर लाइन इनपुट २२ डीबीयूपर्यंतचा. याचा अर्थ, नॉब त्याच जागी असताना तोच माइक लाइन मार्गाने घातला तर तो १३ डेसिबल, म्हणजे व्होल्टच्या हिशेबात जवळपास साडेचार पट, दुबळा पडतो. इन्स्ट्रुमेंटचे बटण दाबले तर आवाज काहीसा वाढतो आणि पुष्कळांना वाटते की योग्य मार्ग सापडला. तो योग्य मार्ग नाही. ते इनपुट साधारण १ मेगाओहमचे, गिटारच्या पिकअपसाठी केलेले असते आणि हमिंगचा प्रश्न तिथे तसाच राहतो.

हमिंगचे कारण पी-३८मध्येच दडलेले आहे. माइकमधून सिग्नल दोन तारांवर बाहेर पडतो: पिन २ वर सरळ आणि पिन ३ वर त्याच्या उलट. पिन १ ही शिल्डची, म्हणजे बाहेरच्या जाळीची असते. वाटेत घरातल्या वायरिंगचा, अॅडॉप्टरचा वा ट्यूबलाइटचा उपद्रव केबलमध्ये शिरला, तर तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच शिरतो. प्रीअॅम्प या दोन तारांतला फरक तेवढा मोजतो, त्यामुळे दोन्हींवर सारखा असलेला उपद्रव वजा होऊन जातो आणि उलटसुलट असलेला आवाज मात्र शिल्लक राहतो. अशा जोडणीला संतुलित म्हणतात. मोनो जॅकला दोनच कप्पे असतात. तिथे पिन ३ आणि शिल्ड एकत्र जोडून टाकावी लागतात, आणि वजाबाकीची ही सोय संपते. वर गेन शेवटपर्यंत नेलेला असल्यामुळे शिरलेले सर्व काही आवाजासह मोठे होते. तीन कप्प्यांचा, म्हणजे स्टीरिओसारखा दिसणारा जॅक लावून ही सोय टिकवता येते, पण सिग्नल पुन्हा लाइन मार्गानेच जातो. त्यामुळे त्या फंदात पडण्यात अर्थ नाही.

आता केबल. माइकच्या बुडाशी पिना असतात, म्हणून माइककडच्या टोकाला भोकांचा म्हणजे फीमेल कॅनन हवा. इंटरफेसला भोके असतात, म्हणून तिकडच्या टोकाला पिनांचा म्हणजे मेल कॅनन हवा. घरासाठी ३ किंवा ५ मीटर लांबी पुरते, आणि संतुलित मार्गाने जाणाऱ्या माइकच्या सिग्नलला याच्या कितीतरी पट लांबीचाही त्रास होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अशी केबल तयार मिळते किंवा समोर बसून करून मिळते. करून घेताना ‘टू-कोर शिल्डेड माइक केबल’ असे स्पष्ट सांगावे. केबलच्या कंपनीपेक्षा कनेक्टरच्या आतला क्लॅम्प केबलच्या बाहेरच्या आवरणाला घट्ट धरतो की नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरात तुटणाऱ्या माइक केबल बहुतेक वेळा तिथेच, सोल्डरिंगवर ताण येऊन तुटतात.

सध्याच्या वायरचा पी-३८ कापून तिथे मेल कॅनन बसवावा का, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी आधी जॅकचे कव्हर फिरवून उघडावे आणि आत पाहावे. जाळीच्या आत दोन वेगवेगळ्या रंगांच्या तारा दिसल्या, तर नवा कनेक्टर बसवून वायर वाचवता येते. एकच तार आणि भोवती जाळी असेल, तर ती वायर मुळातच संतुलित नाही. तिला कॅनन लावला तरी उपयोग नाही.

नवी असो वा दुरुस्त केलेली, केबल जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने एकदा तपासावी. मीटर बीपच्या खुणेवर ठेवावा. कनेक्टरच्या आत पिनांच्या अगदी लगत १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते इतके बारीक असतात की मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहणे सोयीचे जाते. एका टोकाच्या १ वर एक प्रोब ठेवून दुसऱ्या टोकाच्या तिन्हींना क्रमाने स्पर्श करावा. फक्त १ वर बीप यायला हवा. मग २ आणि ३ साठी तेच करावे. प्रोब धरलेला असताना केबल कनेक्टरजवळ हलकेच वाकवून पाहावी. बीप तुटला, तर आतले सोल्डरिंग सैल आहे. २ आणि ३ अदलाबदल झालेली केबल एकट्या माइकवर निर्दोष वाटते, पण दोन माइक एकाच वेळी वापरले की त्यांचे आवाज एकमेकांना खाऊ लागतात आणि कारण लवकर सापडत नाही.

फँटम पॉवरबद्दल प्रश्नकर्त्यांच्या मनात शंका दिसते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. ४८ व्होल्टचे बटण दाबल्यावर इंटरफेस हा दाब पिन २ आणि पिन ३ या दोन्हींवर, प्रत्येकी ६.८ किलोओहमच्या रोधातून, अगदी सारखा चढवतो आणि परतीचा मार्ग पिन १ चा असतो. कंडेन्सर माइकच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला त्यातून वीज मिळते. डायनॅमिक माइकची कॉइल मात्र २ आणि ३ यांच्या मध्ये असते. दोन्ही बाजूंना सारखाच दाब असल्याने तिच्यातून प्रवाह वाहत नाही, म्हणून योग्य केबल असताना तिला ना फायदा ना तोटा. प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत तर जॅक मधल्या भोकात असल्यामुळे ४८ व्होल्ट माइकपर्यंत पोहोचतच नव्हते. कंडेन्सर माइक अशाच जॅकच्या वायरने जोडला असता, तर क्षीण आवाजसुद्धा न येता पूर्ण शांतता मिळाली असती. निदान करताना हा फरक फार उपयोगी पडतो: डायनॅमिक चुकीच्या भोकात गेला तर पुटपुटतो, कंडेन्सर गेला तर गप्प बसतो.

हा ४८ चा आकडा आला कुठून, हेही मौजेचे आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेसाठी ही पद्धत सिद्ध केली, तेव्हा त्या संस्थेच्या स्टुडिओंमध्ये आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच उपलब्ध होता; तोच माइकसाठी स्वीकारला गेला आणि पुढे जगभर रूढ झाला.

फँटम खरोखर येते आहे का, हे पाहायचे असेल तर केबलचे एक टोक इंटरफेसमध्ये घालून माइककडचे टोक मोकळे ठेवावे, मीटर डीसी २०० व्होल्टवर न्यावा आणि १ व २ यांच्यात, नंतर १ व ३ यांच्यात दाब मोजावा. दोन्ही ठिकाणी ४४ ते ५२ च्या दरम्यान, आणि परस्परांशी जुळणारा आकडा मिळायला हवा. २ आणि ३ यांच्यात जवळपास शून्य दिसावे. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे शून्य दिसले तर केबलची एक तार तुटलेली आहे. दोन्हीकडे आकडा फारच खाली असेल आणि इंटरफेस एखाद्या स्वस्त यूएसबी हबमधून चालत असेल, तर तो थेट लॅपटॉपला लावून पुन्हा मोजावे.

फँटमपासून जपायच्या गोष्टी मोजक्या आहेत. धातूच्या पातळ पट्टीवर चालणाऱ्या जुन्या रिबन माइकला, विशेषतः केबल सदोष असेल तर, ४८ व्होल्ट घातक ठरू शकतात. त्याहून जास्त वेळा घरात घडणारा प्रकार म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कीबोर्ड किंवा मिक्सर यांचे आउटपुट पी-३८-ते-कॅनन वायरने इंटरफेसच्या तीन पिनांत घालणे. तिथे फँटम चालू असेल तर तो दाब त्या यंत्राच्या आउटपुटवर उलटा जातो. या यंत्रांसाठी मधले भोक आहे. माइकसाठी चुकीचा ठरलेला तो मार्ग त्यांच्यासाठी बरोबर आहे. बहुतेक लहान इंटरफेसमध्ये एकच बटण दोन्ही इनपुटांना फँटम देते हेही ध्यानात असू द्यावे.

३.५ मिलिमीटरच्या, बाजारात ‘ईपी’ म्हटल्या जाणाऱ्या पिनेचे माइक हा निराळाच वर्ग आहे. कॉलरला लावायचे छोटे माइक मोबाइल किंवा कॅमेऱ्याकडून मिळणाऱ्या काही व्होल्टांवर चालतात. त्यांना साधा अडॅप्टर लावून ४८ व्होल्टच्या तोंडी देऊ नये. रोडच्या व्हीएक्सएलआर प्लससारखा, फँटमचे ३ ते ५ व्होल्टांत रूपांतर करणारा अडॅप्टर त्यासाठी मिळतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही कंडेन्सर माइकच्या बुडाशी कॅनन असतो, पण सोबत कॅनन-ते-ईपी वायर दिलेली असते. ती वायर बाजूला ठेवून दोन्हीकडे कॅनन असलेली केबल लावली की त्यांतले बरेचसे माइक इंटरफेसवर व्यवस्थित चालतात. यूएसबी माइक मात्र इंटरफेसला जोडता येत नाही. इंटरफेसचे यूएसबी सॉकेट संगणकासाठी असते.

योग्य केबल हातात आल्यावर जोडण्याचा क्रम असा ठेवावा. आधी गेन पूर्ण खाली, हेडफोन आणि स्पीकरचा आवाज खाली, फँटम बंद. मग केबल माइकला आणि नंतर इंटरफेसला, खटका बसल्याचे ऐकू येईपर्यंत घालावी. माइकवर चालू-बंदचे बटण असेल तर ते चालू आहे ना, हे पाहावे. हे सांगणे पोरकट वाटेल, पण अनेक तक्रारी तिथेच मिटतात. कंडेन्सर असेल तरच फँटम चालू करून काही सेकंद थांबावे. त्यानंतर हळूहळू गेन वाढवावा. माइक काढताना हाच क्रम उलटा, आणि फँटम बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच केबल ओढावी. फँटम चालू असताना केबल काढली-घातली तर जो ‘धप्प’ आवाज होतो, तो हेडफोन लावलेल्या कानाला आणि स्पीकरला, दोघांनाही सोसत नाही.

यानंतर एक चाचणी अवश्य करावी. मुद्रण सुरू करून माइकच्या जाळीवर नखाने हलके खरवडावे आणि मग तेच लॅपटॉपच्या कडेवर करावे. लॅपटॉपवरचा आवाज मोठा आला, तर सॉफ्टवेअर इंटरफेसऐवजी लॅपटॉपचा अंगचा माइक वापरत आहे. लांबून, पोकळ येणारा आवाज पुष्कळदा याच कारणाने येतो आणि दोष विनाकारण बाहेरच्या माइकवर ढकलला जातो. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर माइक वापरण्याची परवानगी त्या त्या सॉफ्टवेअरला दिलेली असावी लागते, आणि विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि मुद्रणाचे सॉफ्टवेअर यांना थेट जोडणारी प्रणाली) टाकलेला असणे श्रेयस्कर.

गेन किती ठेवावा? कथेतला सर्वांत चढ्या आवाजाचा संवाद खऱ्या जोशात म्हणून पाहावा आणि त्या क्षणी सॉफ्टवेअरमधल्या पातळीच्या मीटरची उडी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवावा. २४ बिटांवर मुद्रण करत असल्यास यापेक्षा वर जाण्याचे काही कारण नाही. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अशा मुद्रणाची तरंगाकृती बारकी दिसते, कारण उणे १२ डेसिबल म्हणजे उंचीचा जेमतेम चौथा भाग. पण आकृती लहान दिसणे आणि आवाज कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत आणि अंतिम पातळी संपादनाच्या वेळी वाढवायची असते. डायनॅमिक माइकसाठी नॉब तीन चतुर्थांशाच्या पुढे जाणे नेहमीचे आहे. त्याची धास्ती घेऊ नये. गेन वाढवण्यापूर्वी माइकपासूनचे अंतर कमी करावे, कारण अंतर निम्मे केले की सुमारे ६ डेसिबल फुकट मिळतात आणि खोलीचा आवाज त्या मानाने मागे राहतो. वाचनासाठी चार बोटांचे अंतर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ उच्चारताना येणारी फुंकर अडवणारी जाळी) आणि माइक तोंडाच्या रेषेपासून किंचित तिरका, ही मांडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. जवळ गेल्यावर खालचा खर्ज फुगतो. तो खटकला तर संपादनात थोडा कमी करावा.

डाव्या कानाचा प्रकार दोन मिनिटांत सुटतो. इंटरफेसची दोन इनपुटे संगणकाला डावे आणि उजवे अशी दिसतात. ट्रॅक स्टीरिओ ठेवला की पहिल्या इनपुटचा माइक डावीकडे जातो आणि उजवीकडे शांतता मुद्रित होते. रीपर या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या इनपुटसाठी मोनो, इनपुट १ अशी निवड करावी. ऑडॅसिटीत मुद्रणाच्या चॅनेलची संख्या एक, म्हणजे मोनो, ठेवावी. आधी मुद्रित झालेल्या कथा टाकून देण्याची गरज नाही. ऑडॅसिटीत स्टीरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो ट्रॅक करता येतात. त्यांतला रिकामा काढून टाकावा.

केबल बदलूनही थोडे हमिंग उरले, तर पुढचा संशयित घराची वीज. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. हमिंग गेले तर दोष चार्जरकडून येणाऱ्या मार्गात आहे. माइकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर आवाज बदलत असेल, तर शिल्ड किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी तुटलेले समजावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण पुष्कळदा त्याच्या मागे अर्थिंगची तार नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, कारण ती पिन जिवाच्या सुरक्षेसाठी असते. ५० हर्ट्झची खालची गुणगुण आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची तीक्ष्ण करकर या वेगळ्या ओळखता येतात: पंखा बंद केल्याक्षणी करकर थांबली तर उत्तर मिळाले. वाचताना पंखा तसाही बंदच ठेवावा लागतो. केबल एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरला समांतर न नेता, गरज पडल्यास काटकोनात ओलांडून न्यावी. आणखी एक बारीक शिट्टीसारखा आवाज असतो, जो माउस हलवल्यावर किंवा पडद्यावर काही सरकल्यावर बदलतो. तो यूएसबीच्या वीजपुरवठ्यातून येतो. पोर्ट बदलणे, हब टाळणे किंवा यूएसबीची आखूड केबल वापरणे, हे उपाय त्यावर आधी करून पाहावेत.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे. क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड यांसारखा बूस्टर माइक आणि इंटरफेस यांच्या मध्ये बसतो, इंटरफेसच्या फँटमवर चालतो आणि साधारण २५ ते २७ डेसिबल वाढ देतो. म्हणजे सध्याच्या पी-३८ वायरवर तो चाललाच नसता. त्याची खरी गरज शुअर एसएम ७बी यासारख्या फार मंद माइकला पडते: तो ९४ डेसिबलला १.१२ मिलिव्होल्टच देतो आणि त्यासाठी किमान ६० डेसिबल गेन असावा, असे उत्पादकच सांगतो. ज्या इंटरफेसचा गेन ५६ वर संपतो, तिथे शांत आवाजात वाचणाऱ्याला तो अपुरा पडू शकतो. एसएम ५८ च्या तोडीच्या माइकवर जवळून वाचणाऱ्याला सहसा पडत नाही.

कंडेन्सरने पातळी वाढेल, यात शंका नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० तेवढ्याच आवाजाला १४.१ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम ५८ च्या साडेसात पट. पण पातळी कमी असणे ही प्रश्नकर्त्यांची मूळ अडचण नव्हतीच. कंडेन्सर खोलीचा आवाज जास्त उचलतो, हे वाक्य मात्र मी जसेच्या तसे स्वीकारत नाही. समान अंतरावरून, समान दिशारचनेच्या माइकने, समान पातळीला आणून ऐकले तर दोहोंतला फरक समजला जातो त्यापेक्षा बराच कमी असतो. फरक पडतो तो वापरण्याच्या सवयीमुळे: डायनॅमिकजवळ माणूस ओठ नेऊन बोलतो आणि कंडेन्सरपासून हातभर मागे बसतो, आणि त्या हातभर अंतरात शेजारचा कुकर, रस्त्यावरचा हॉर्न आणि उघड्या भिंतींचा घुमारा हे सगळे शिरते. ज्यांच्या खोलीत जाड पडदे, गादी, पुस्तकांची कपाटे आहेत आणि रात्रीची शांतता मिळते, त्यांनी वाचनासाठी कंडेन्सर जरूर घ्यावा. त्याचा वरचा तपशील स्वच्छ येतो. रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरात मी डायनॅमिकच ठेवेन.

नव्या केबलने, चार बोटांच्या अंतरावरून आणि पूर्ण गेनवर वाचूनही सॉफ्टवेअरमधले मीटर उणे २५ डेसिबलच्या वर हलत नसेल, तर आधी माइक दुसऱ्या इनपुटवर आणि जमल्यास ओळखीच्या कुणाच्या इंटरफेसवर लावून पाहावा, म्हणजे माइक निकामी आहे की प्रीअॅम्प अपुरा, हे ठरेल. प्रीअॅम्प अपुरा ठरला तरी बूस्टरची आणि नव्या इंटरफेसची किंमत शेजारी ठेवून पाहावी. नव्या पिढीच्या इंटरफेसमध्ये गेनची मर्यादा वाढलेली आहे, उदाहरणार्थ स्कारलेट टू-आय-टूच्या चौथ्या पिढीत ती ६९ डेसिबल आहे. जुना इंटरफेस विकून येणारी रक्कम धरली तर फरक फारसा उरत नाही, आणि बूस्टरमुळे एकाच माइकची सोय होते तिथे नव्या इंटरफेसमुळे दोन्ही इनपुटांची होते.